आक्का, चिठ्ठ्या टाकल्याच नव्हत्या

आक्का,

शनिवारी तुमची शोकसभा आहे. हॉस्पिटलच्या सेमिनार हॉलमध्ये, दुपारी चारला. ऑफिसनं मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय आणि सोबत एक कागद दिलाय. त्यावर तुमचं गाव निपाणी, नर्सिंगचा कोर्स, ऑपरेशन थिएटरमधली वर्षं, सगळं ओळीनं टाइप केलंय. शेवटी लिहिलंय, ‘शांत व मनमिळाऊ स्वभाव’. हे कुणी लिहिलं देव जाणे. शांत होता तुम्ही, पण मनमिळाऊ? मी नवा नवा आलो होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्या हातातली कात्री काढून घेतली होती. "ही दोरा कापायची हाय बाळ. मांस कापायची ती न्हवं का, तिकडं. डोळं उघडा जरा." भूल दिलेला पेशंट सोडला तर थिएटरमधले सगळे हसले. मी हिंडलग्याच्या शेतकऱ्याच्या घरातला, लई तोऱ्यात डॉक्टर होऊन आलेला. माझी कानशिलं तापली. पण त्यानंतर माझ्या हातानं चुकीची कात्री कधी उचलली नाही.

मला शनिवारी जे बोलायचंय ते त्या कागदावर नाही. आणि आधी तुम्हाला सांगितल्याशिवाय ते लोकांना सांगायला जीभ उचलत नाही. तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणा. फक्त मी तुमच्या तोंडावर ते कधी कबूल केलं नाही. आता कबूल करतोय तर तुम्ही नाही. असला शहाणा मी.

दुसऱ्या कुणी हे वाचलं तर त्यालाही कळावं म्हणून सुरुवातीपासून सांगतो. तुम्ही कंटाळू नका.

मणक्याचं ऑपरेशन आता पेन्सिलीएवढ्या नळीतून होतं. त्या नळीतूनच कॅमेरा आत जातो, पाणी जातं, हत्यारं जातात. डॉक्टरचे हात पेशंटच्या पाठीवर असतात आणि डोळे समोरच्या पडद्यावर. पडदा सपाट असतो. नस किती खोल आहे, वरचं हाड किती उरलंय, हे त्या सपाट चित्रावरून ओळखायला शिकावं लागतं. आणि ते शिकणं माणसाच्या पाठीवर करता येत नाही, म्हणून आधी खोट्या पाठीवर सराव करायचा.

आपल्याकडची खोटी पाठ तुम्ही केली होती. स्टीलचा जेवणाचा डबा, झाकणाला भोक, त्यावर रेक्झिनचं कातडं आणि आत स्पंजात घट्ट बसवलेलं कोंबडीचं अंडं, पाण्यात बुडालेलं. नळीतून बारीक ड्रिल आत घालायचं, पडद्यावर बघत अंड्याचं कवच नखाएवढं घासून काढायचं आणि आतला पातळ पापुद्रा फाटू द्यायचा नाही. कवच म्हणजे हाड आणि पापुद्रा म्हणजे नसेवरचं आवरण. पापुद्रा फाटला की आतलं पांढरं पाण्यात मिसळतं आणि पडदा गढूळ होतो. अंड्यावर सराव करायची कल्पना काही आपली नव्हती, जगभर करतात. पण डबा तुमचा होता. अंडीही तुम्हीच आणायचा, सगळी एकाच ट्रेमधली, एकाच दिवशीची. मी एकदा घरची गावरान अंडी घेऊन आलो, तर तुम्ही ती तशीच परत पाठवली.

"ह्याचं कवच जाड, त्याचं पातळ. मग पोरगं चुकलं का अंडं चुकलं, कसं कळणार?"

संशोधन कसं करावं याचे दोन कोर्स मी केले होते. त्यात हेच इंग्रजीत आठवडाभर शिकवलं होतं. मी म्हणालो, "आक्का, तुम्ही संशोधन करायला पाहिजे होतं."

"विड्या वळणारीची पोरगी हाय मी," तुम्ही म्हणालात. "एक जाड, एक बारीक झाली की मुकादम बाजूला काढायचा. डोळ्याला सवयच लागली."

नर्सिंगला जाईपर्यंत तुम्हीही आईबरोबर विड्या वळल्या होत्या. एकदा नुसत्या कागदाच्या तुकड्यावर तुम्ही मला ते करून दाखवलं. बोटं चालली होती आणि तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून बोलत होता. मी म्हणालो, हाताकडं तरी बघा. तर म्हणालात, "हाताकडं कोण बघतंय? बघितलं की हात थांबतो." मी त्या दिवशी पोरांना तुमची गोष्ट सांगितली. हात इकडं, डोळे तिकडं, हेच आपल्याला शिकायचंय, आक्कांकडून शिका, म्हणालो. किती सहज म्हणालो होतो. तेव्हा मी तुमच्यापेक्षा मोठा झालो नव्हतो.

मग मला पडद्यांचं वेड लागलं. बाजारात नवनवीन पडदे येत होते आणि कुठल्या पडद्यावर शिकाऊ डॉक्टरचा हात लवकर बसतो, याचा अभ्यास आपल्या भागात कुणी केला नव्हता. मी तीन पडदे निवडले. एक आपला जुना सपाट. दुसरा चष्मा लावून बघायचा, ज्यात खोली दिसते. तिसरा डोळ्यांवरच बांधायचा, हेल्मेटसारखा, म्हणजे मान वळवायलाच नको. दुसरा आणि तिसरा कंपनी पुण्याहून एका दिवसापुरता पाठवणार होती. आपली शिकाऊ पोरं तिन्ही पडद्यांवर एकेक अंडं घासणार, आणि कुणी कुठला पडदा आधी घ्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, असं मी हॉस्पिटलच्या संशोधन कमिटीला लिहून दिलं होतं. आदल्या दिवशी त्या चिठ्ठ्या तुम्हीच कापल्या. घड्या घालून वाटीत ठेवल्या आणि वाटीवर झाकण ठेवलं, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.

त्या सकाळी कंपनीची गाडी वेळेवर आली. खोकी उतरली. कंपनीचा माणूस वायरी जोडायला बसला आणि मी त्याला म्हणालो, थांबा. नवं मशिन, पूजा झाल्याशिवाय चालू करायचं नाही. आपल्याकडं साधा निर्जंतुकीकरणाचा डबा नवा आला तरी नारळ फुटतो. आणि पूजा मोठ्या सरांच्या हातूनच व्हायला पाहिजे. विभागप्रमुख ते, त्यांना डावलून कसं चालेल? मोठे सर नेमके चिकोडीच्या शिबिराला गेले होते. फोनवर म्हणाले, "दुपारपर्यंत पोचतो, सुरू करू नका हं." तो माणूस कानडीत काहीतरी पुटपुटला. एका दिवसाच्या भाड्याच्या मशिनची पूजा त्यानं कधी बघितली नसणार.

पोरं सकाळपासून येऊन बसली होती. मी म्हणालो, तोवर सगळ्यांनी जुन्या पडद्यावरचं उरकून घ्या.

"आन् चिठ्ठ्या?" तुम्ही विचारलंत.

"बघू नंतर."

दुपारी सर आले. तुम्हीच दोन्ही मशिनांना हळदकुंकू लावलंत, सरांनी नारळ फोडला, पेढे वाटले. मग सगळ्यांनी चष्म्याचा पडदा केला. तो झाल्यावर सगळ्यांनी हेल्मेट घातलं. एकाच क्रमानं, एकामागून एक. संध्याकाळी मी आकडे बघितले. जुन्या पडद्यावर लई अंडी फुटली होती, चष्म्यावर कमी, हेल्मेटवर त्याहून कमी. मला आनंदानं उड्या मारायच्या बाकी होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मशिनं पुण्याला परत गेली.

त्याच दुपारी तुम्ही थिएटरमधल्या किडनीच्या आकाराच्या ट्रेमधून तीन अंडी घेऊन आलात. मी चार पोरांना घेऊन आकडे लिहीत बसलो होतो. तुम्ही ट्रे माझ्यासमोर ठेवलात. पहिलं अंडं फुटलेलं. दुसऱ्याच्या पापुद्र्याला चीर. तिसऱ्याचं कवच गोल घासलेलं आणि पापुद्रा जसाच्या तसा, एक ओरखडा नाही.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मी. जेवणाच्या सुट्टीत."

"कशावर? मशिनं तर गेली."

"जुन्याच पडद्यावर. तिन्ही जुन्याच पडद्यावर," तुम्ही म्हणालात. "मी काय डाक्टर न्हाय. तरी तिसऱ्या बारीला हात बसला. पोरांनी काल हेल्मेट घातलं ते तिसऱ्या बारीलाच की. पहिली भाकरी वाकडी होती आन् तिसरी गोल झाली, तर तवा बदलला म्हणून झाली असं कसं म्हणायचं?"

आक्का, मला त्याच क्षणी समजलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की तेव्हा माझ्या नीट लक्षात आलं नव्हतं. लख्ख समजलं होतं. पडद्याची परीक्षा घ्यायची म्हणून मी सरावाची परीक्षा घेऊन बसलो होतो. ते टळावं म्हणूनच तर चिठ्ठ्या होत्या. तुम्ही जेवण सोडून, एक शब्द इंग्रजी न वापरता, माझा अख्खा अभ्यास तीन अंड्यांत उलटा करून ट्रेमध्ये आणून ठेवला होता. माझ्या कुठल्याही प्रोफेसरनं मला इतकं स्वच्छ काही दाखवलं नाही. मी उठून तुमच्या पाया पडायला पाहिजे होतं.

मी काय म्हणालो? "आक्का, तुम्ही अंडी आणा. अभ्यासाचं आम्ही बघतो."

पोरं हसली. मोठ्यानं नाही, पण हसली. तुम्हीही हसलात थोडं. ट्रे उचललात आणि म्हणालात, "व्हय सर."

तोवर मी तुमचा बाळ होतो. लग्न झालं, पोरगी झाली, कन्सल्टंट झालो, तरी थिएटरमध्ये "बाळ, उजवीकडं सरका" असंच चालायचं. त्या दुपारपासून मी सर झालो. पुन्हा कधी बाळ म्हणाला नाहीत. मला ते पहिल्या दिवशीच टोचलं होतं. तरी मी असं दाखवलं की माझ्या ते ध्यानातच आलेलं नाही.

एवढा का भडकलो? भडकू तर मी आहेच, तुम्हाला माहीत आहे. पण त्या दिवशीचा राग वेगळा होता. निबंधाचा सारांश मी आधीच पाठवून बसलो होतो. बेळगावातच परिषद होणार होती, पुण्याबेंगळुरूचे मोठे लोक येणार होते. त्यांनी एकमेकांना विचारावं की हा हिंडलग्याचा पोरगा कोण, एवढीच माझी हाव होती. आणि तुम्ही नेमकं त्यावर बोट ठेवलंत, तेही माझ्या विद्यार्थ्यांसमोर. चूक सांगणारी बाई थिएटरची सिस्टर होती, विडीवालीची पोरगी होती, हेही मनात होतं. हे लिहिताना मला माझीच किळस येते. मी स्वतः कुणाचा पोरगा आहे? आमच्या घरात शाळेची पायरी चढणारा पहिला मी.

परिषदेत मी बोललो. तिसऱ्या की चौथ्या स्लाइडवर इंग्रजीत लिहिलं होतं, पडद्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. ते वाक्य मी कमिटीला दिलेल्या कागदातून जसंच्या तसं उचललं होतं. म्हणजे मी खोटं लिहिलं नाही, फक्त जुनं वाक्य दुरुस्त केलं नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. तुम्ही सरावाचे डबे लोकांना मांडून दाखवायला आला होता आणि शेवटच्या रांगेत बसला होता. इतकी वर्षं औषधांच्या बाटल्या वाचून झालेल्या माणसाला एवढं इंग्रजी वाचता येत नाही थोडंच. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पडद्याकडं बघत होता. मी पुढची स्लाइड काढली.

टाळ्या झाल्या. शाल, प्रमाणपत्र, फोटो, सगळं झालं. मला पाहिजे होतं तसंच लोकांनी विचारलं, हा कोण म्हणून. बाहेर व्हरांड्यात तुम्ही डबे पिशवीत भरत होता.

"सर, चिठ्ठ्या कुणी काढल्या?"

आवाज चढवला नाहीत. विचारायचं म्हणून विचारलंत.

"ठरलं होतं तेच लिहिलंय आक्का."

"ठरलं होतं व्हय," तुम्ही म्हणालात. "झालं न्हाय."

मी घड्याळ बघितलं आणि जेवायला गेलो. तुमच्याशी त्या विषयावर एवढंच बोलणं झालं.

पुढं हॉस्पिटलनं हेल्मेटचा पडदा विकत घेतला, माझ्याच अभ्यासावरून. जुन्या पडद्यावरचा सराव मी बंद केला. एकदा तुम्ही हत्यारं मांडता मांडता म्हणालात, "ही पोरं उद्या चिकोडीला जाणार, खानापूरला जाणार, आमच्या निपाणीला जाणार. तिथं कोण डोळ्यावर बांधून देतंय त्यांच्या?" मी म्हणालो, हळूहळू सगळीकडं येईल. तुम्ही म्हणालात, "येईल की. तोवर पेशंट थांबतील." तेव्हा मला हा टोमणा वाटला. आज कळतं, तुम्ही टोमणा मारत नव्हता. तुम्हाला काळजी होती.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी मी लोंढ्याला शिबिरात होतो. ते शिबिर त्याच तारखेला मीच लावून घेतलं होतं, हे कुणाला माहीत नाही. साडी मी दुसऱ्याच्या हाती पाठवली. तुम्ही निपाणीला लेकीकडं राहायला गेलात. त्यानंतर मी कितीदा कोल्हापूरला गेलो असेन. निपाणी लागली की मी पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबायचो आणि गाव मागं पडल्यावर चहाला थांबायचो.

मग सुरेशचा फोन आला. तुमच्या हाताखालून गेलेला तो, चष्मेवाला, लाजरा. हेल्मेटवर त्याचा हात सगळ्यात चांगला होता. चिकोडीत एका बाईच्या मणक्याचं ऑपरेशन त्यानं नळीतून करायला घेतलं. तिथं आपल्या जुन्यासारखाच सपाट पडदा. अर्ध्यावर त्याला कळेना की हाड किती उरलंय. शहाणा पोरगा, थांबला. नळी काढली आणि जुन्या पद्धतीनं मोठी चीर घेऊन ऑपरेशन पुरं केलं. बाई बरी झाली, पण लहान भोकाचं सांगून तिला वीतभर टाके पडले. फोनवर तो रडायच्या बेतात होता. "सर, माझंच काहीतरी चुकलं. तुम्ही एवढं चांगलं शिकवलं होतं." मी म्हणालो, "होतं रे असं कधीकधी." त्यालाही मी खरं सांगितलं नाही.

त्या दिवशी ठरवलं होतं की तुम्हाला फोन करायचा. केला नाही. महिनाभरानं तुमचाच आला. तुमच्या गल्लीतली एक विडीकामगार बाई, पाय आखडलेला, तिला पाठवते म्हणालात. मी पाठवा म्हणालो, आणि तिचं सगळं मन लावून केलं, ते तुमच्यापर्यंत पोचलं असेल. पण फोन ठेवायच्या आधी तुम्ही विचारलंत, "बाकी बरं हाय न्हवं?" तेव्हा मला सगळं बोलता आलं असतं. तुम्ही वाटच बघत होता असं मला आता वाटतं. मी म्हणालो, "आक्का, थिएटरमध्ये जायचंय, ठेवतो." खरं तर मी माझ्या खोलीत खुर्चीवर बसलो होतो.

आणि गेल्या आठवड्यात तुमच्या लेकीचा फोन आला. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं, म्हणाली. मी निपाणीला आलो. या वेळी थांबलो. लेकीनं मला ओळखलं, बसायला दिलं. "आई तुमचं लई सांगायची," म्हणाली. काय सांगायची, ते विचारायची मला हिंमत झाली नाही. तिनं केलेला चहा मी प्यायलो आणि काहीतरी पुस्तकी सांत्वन करून उठलो.

परत आल्यावर दोन गोष्टी केल्या. नव्या पोरांची बॅच आली आहे. त्यांना बसवलं, चिठ्ठ्या कापल्या, या वेळी खरंच टाकल्या आणि निघाल्या त्याच क्रमानं पडदे दिले. चष्म्याचा पडदा आपल्याकडं नाही, म्हणून जुना आणि हेल्मेट एवढेच. तुम्ही म्हणालात तेच झालं. पहिल्या बारीला अंडी फुटली, पडदा कुठला का असेना. शेवटच्या बारीला बहुतेकांची वाचली. हेल्मेटचा थोडा उपयोग आहे, अगदी नाही असं नाही. पण मी व्यासपीठावरून छाती काढून सांगितला होता तेवढा मुळीच नाही. आता दोन्ही पडद्यांवर सराव सुरू केलाय, जुन्यावर जास्त. सुरेशला फोन करून सांगितलं की चूक तुझी नव्हती. तो "बरं सर" म्हणाला. काही विचारलं नाही त्यानं.

दुसरी गोष्ट म्हणजे परिषदेच्या लोकांना पत्र लिहिलं. चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, क्रम सगळ्यांचा एकच होता, माझा निष्कर्ष मी मागं घेतो. पत्र पाठवण्याआधी मोठ्या सरांना दाखवायला पाहिजे होतं, कारण निबंधावर त्यांचंही नाव आहे. काल दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो. तेही थकलेत आता. पत्र वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. मला ते ओरडायलाच पाहिजे होते.

"मला शंका आली होती तेव्हाच," सर म्हणाले. "चिकोडीहून मी आलो तेव्हा सगळी पोरं एक अंडं करून बसलेली. परिषदेत तुझी ती स्लाइड बघून म्हटलं, चिठ्ठ्या कधी टाकल्या यांनी?"

"मग तुम्ही मला विचारलं का नाही सर?"

"तुला कशाला विचारू? तू काय सांगणार ते मला माहीत होतं. मी आक्कांना विचारलं." सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "दुसऱ्याच दिवशी. म्हटलं, आक्का, खरं सांगा, चिठ्ठ्या टाकल्या होत्या का? त्या म्हणाल्या, व्हय सर, टाकल्या होत्या. माझ्यासमोर टाकल्या. विषय संपला. अरे, आयुष्यभर त्या बाईनं जखमेत घातलेले गॉझचे तुकडे मोजून पुरे आहेत म्हटलं की मी जखम शिवलीय. एकदा एक गॉझ कमी म्हणून मला अर्धा तास हात बांधून उभं केलं होतं त्यांनी. त्या हो म्हटल्यावर मी परत कुणाला विचारणार?"

सरांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "पत्र पाठव. सभेतही सांग हवं तर. पण आक्कांचं हे सांगू नकोस. गेलेल्या माणसाचं कशाला?"

काल घरी आल्यापासून मी त्याचाच विचार करतोय. सरांचं म्हणणं मायेचं आहे. पण आक्का, मी हे सांगणार आहे. तुम्ही मला वाचवलंत हे लपवलं तर मी पुन्हा तेच केलं असं होईल, दुरुस्त करायचं ते दुरुस्त न करता पुढची स्लाइड काढायची. त्या व्हरांड्यात मी घड्याळ बघून जेवायला गेलो, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही सरांसमोर उभं राहून माझ्यासाठी ते बोललात. मी भर पोरांत तुमचा अपमान केला होता, तरी बोललात. मला कळू दिलं नाहीत. फोनवरही नाही. मी तुम्हाला टाळत फिरलो ते माझं खोटं तुम्हाला माहीत होतं म्हणून. आणि तुम्ही तिकडं निपाणीत तेच खोटं माझ्यासाठी पोटात घेऊन बसला होता.

माझं वाक्य मी पत्र लिहून मागं घेतलं. तुमचं वाक्य मागं घ्यायला आता तुम्ही नाही, आणि ते तुम्हाला बोलायला लावणारा मी आहे. शनिवारी मी उभा राहीन आणि पाच मिनिटांत एवढंच सांगेन, की या बाईनं आयुष्यात एकदाच खोटं सांगितलं, ते मुळात माझं होतं, आणि त्याबद्दल तिच्या दारात जाऊन माफी मागायला मला कधी वेळ झाला नाही.